चक्राखालची साखळी

वैशाख सरत आला, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. गेल्या वर्षी कोठे गळले होते, आढ्याखालचा कोणता वासा वाळवीने पोखरला आहे, कारवीच्या कुडाचे लिंपण कोठे सुटले आहे, हे सारे घरातली कर्ती माणसे बारकाईने पाहतात. फुटके कौल बदलतात, सैल झालेले बंध पुन्हा आवळतात. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, पावसाचे चिन्हही नसते. आणि म्हणूनच ते काम तेव्हा करावयाचे असते. मृगाच्या सरी कोसळू लागल्यावर जो छपरावर चढतो, त्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

या डोंगरांवर पडलेला पाऊस पिंजाळ, सूर्या आणि वैतरणा या नद्यांच्या वाटेने शेवटी अरबी समुद्राला जाऊन मिळतो. त्या समुद्राच्या काठीही उन्हाळ्याच्या अखेरीस एक प्रकारची शाकारणी चाललेली असते. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव पावसाळ्यापूर्वी आपल्या होड्या ओढून काठावर घेतात, त्यांची डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून पुन्हा पाण्यात जाण्याची तयारी धरतात. दूरच्या सागरी सफरी करणाऱ्या शिडाच्या नौकांचेही तसेच आहे. मोठ्या प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांचा तळ, शिडे, डोलकाठी, दोर, नांगर, सारे तपासले जाते. पण या सर्वांत एक भाग असा आहे, की जो बहुधा नजरेआड असतो. आणि नजरेआड असतो म्हणूनच तपासावयाचा राहून जातो. तो भाग म्हणजे सुकाणूचे यंत्र.

सुकाणू म्हणजे नौकेच्या पिछाडीस पाण्यात उभी असलेली फळी. ती ज्या बाजूस वळेल, त्या बाजूस नौका वळते. फळी लहान, नौका मोठी. तरीही नौकेचे सारे भवितव्य त्या फळीच्या हाती असते. संस्कृतात ‘कर्ण’ या शब्दाचा एक अर्थ सुकाणू असा आहे. तो कर्ण हाती धरणारा, तो कर्णधार. आज खेळाच्या संघाच्या प्रमुखालाही आपण कर्णधार म्हणतो. परंतु त्या शब्दाचा जन्म पाण्यावरचा आहे.

सुकाणू गेले म्हणजे बळ कसे व्यर्थ होते, याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धात घडले. जर्मनीची ‘बिस्मार्क’ ही युद्धनौका त्या काळच्या सर्वांत बलाढ्य नौकांपैकी एक होती. १९४१ च्या मे महिन्यात, २६ तारखेच्या सायंकाळी, ब्रिटिश विमानाने सोडलेला एक पाणतीर तिच्या सुकाणूपाशी येऊन आदळला. सुकाणू एका बाजूस वळलेल्या स्थितीत अडकून बसले. तोफा शाबूत होत्या, यंत्रे चालत होती. पण जेथे जावयाचे तेथे नौकेला जाता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रूच्या नौकांनी तिला गाठले व ती बुडाली.

जुन्या लहान नौकांत सुकाणूला एक लाकडी दांडा जोडलेला असे. तो हाताने डावीकडे-उजवीकडे ढकलला, की काम झाले. दांडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्याला चीर गेली तर ती लगेच दिसते. पण नौका मोठी झाली, की सुकाणूवर पडणारा पाण्याचा दाब वाढतो व नुसता दांडा माणसाच्या हाताला आवरत नाही. म्हणून पुढे चक्र आले. आजच्या पुष्कळशा शिडाच्या नौकांत कर्णधाराच्या पुढ्यात कमरेएवढा एक धातूचा खांब उभा असतो. त्या खांबाला चक्र बसविलेले असते, माथ्यावर होकायंत्र असते आणि बाजूस यंत्राची गती व दिशा बदलणाऱ्या दोन मुठी असतात. हाच सुकाणूचा खांब. नौका हाकणाऱ्या माणसाचे हात, डोळे आणि मन ही तिन्ही या एका खांबापाशी एकवटलेली असतात.

बाहेरून पाहता चक्र फिरते आणि नौका वळते, एवढेच दिसते. मध्ये काय घडते ते समजण्यास सायकल उपयोगी पडते. सायकलची साखळी आणि ब्रेकची तार या दोन वस्तू ज्याने नीट पाहिल्या आहेत, त्याला नौकेचे सुकाणूयंत्र निम्मे समजलेच म्हणावे. चक्राच्या आसावर, खांबाच्या आत, एक दातेरी चाक असते. त्यावरून सायकलच्या साखळीसारखी एक साखळी गेलेली असते. साखळीच्या दोन्ही टोकांना पोलादी तारांचे पीळदार दोर जोडलेले असतात. ते दोर खांबाच्या पोटातून खाली उतरतात, विहिरीवरच्या कप्पीसारख्या कप्प्यांवरून वळतात आणि पिछाडीस सुकाणूच्या आसावर बसविलेल्या पंख्याच्या आकाराच्या तबकडीला जाऊन मिळतात. चक्र उजवीकडे फिरले, की एक दोर ओढला जातो, दुसरा सैल सुटतो, तबकडी वळते आणि तिच्याबरोबर सुकाणू वळते. यंत्र इतके साधे आहे, की त्याच्यावर माणसाचा सहज विश्वास बसतो. या विश्वासातच धोका आहे. कारण साधी वस्तूही जुनी होते.

नौकेचे वय वाढते तसतसा या यंत्रावर तीन शत्रूंचा हल्ला होतो. पहिला शत्रू खारे पाणी. समुद्राचे तुषार होकायंत्राच्या कडेने, मुठींच्या फटींतून खांबात शिरतात. पाणी सुकते, पण मीठ राहते, आणि ते मीठ हवेतील ओलावा शोषून घेत धातूला सतत ओले ठेवते. जव्हारच्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर ठेवलेल्या सायकलच्या साखळीची जी दशा होते, ती समुद्रावर वर्षाचे बाराही महिने होत असते.

दुसरा शत्रू अधिक लपून काम करतो. पुष्कळशा जुन्या खांबांचे अंग ॲल्युमिनियमचे असते, आणि आस व बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे असतात. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असले व त्यांच्यामध्ये खारे पाणी आले, की तेथे विजेचा एक सूक्ष्म प्रवाह सुरू होतो. विजेरीतल्या घटात जे घडते त्याच जातीची ही क्रिया आहे. तीत पोलाद सुरक्षित राहते आणि ॲल्युमिनियम मात्र कणाकणाने झिजत जाते. बोल्टाच्या भोवती पांढरी भुकटी साचलेली दिसली, की तेथे ही झीज चालू आहे असे समजावे. रंगाखाली फुगवटे आलेले असतील, तर तीही तिचीच खूण. म्हणून असा खांब खोलून पुन्हा जोडताना दोन धातूंच्या मध्ये त्यांना वेगळे ठेवणारा लेप लावतात, आणि प्रत्येक सफरीनंतर गोड्या पाण्याने सारे धुऊन काढतात.

तिसरा शत्रू म्हणजे थकवा. लोखंडी तारेचा एक तुकडा घेऊन तो एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला, तर थोड्या वेळाने तो तुटतो. हा खेळ बहुतेक मुलांनी केलेला असतो. सुकाणूचा तारदोरही कप्पीवरून जाताना प्रत्येक वेळी वाकतो आणि सरळ होतो. चक्र दिवसातून हजारो वेळा थोडे थोडे फिरत असते. तेव्हा दोराचा तोच वीतभर भाग हजारो वेळा वाकतो. न गंजणारे पोलाद बाहेरून चकचकीत दिसते, पण आतून थकते. आधी एक बारीक तार तुटते, मग दुसरी. आणि शेवटी, समुद्र खवळलेला असताना, सुकाणूवर सर्वांत अधिक ताण आला असताना, सारा दोर तुटतो. यंत्रे बहुधा अडचणीच्या वेळी मोडतात ती यामुळे. ताण नसतो तेव्हा दुबळा दोरही टिकतो, आणि त्याचे दुबळेपण कोणाच्या ध्यानात येत नाही.

या तिन्ही शत्रूंना ओळखण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे खांब उघडून आत पाहणे. जाणता खलाशी या कामाला बंदरात, शांत पाण्यात, सावकाश बसतो. प्रथम तो काहीच उघडत नाही. तो चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवतो आणि कान देऊन ऐकतो. कोठे करकर होते काय, कोठे जड लागते काय, चक्र थोडे फिरूनही सुकाणू जागचे हलत नाही असे होते काय, हे तो हाताने जोखतो. रोज जो हात चक्रावर असतो, त्याला यंत्राची नाडी सर्वांच्या आधी कळते.

मग होकायंत्र उचलावयाचे. पण त्यापूर्वी त्याच्या बैठकीवर आणि खांबावर मिळून एक खूण केली जाते, म्हणजे ते पुन्हा नेमक्या त्याच रेषेत बसवता येते. ते केसभर जरी तिरके बसले, तरी शेकडो मैलांनंतर नौका भलत्याच किनाऱ्याला लागावयाची. काम चालू असताना लोखंडी पान्हे होकायंत्राजवळ विसरून ठेवायचे नाहीत, हाही तेथला एक नियम आहे. लोखंडाच्या ओढीने चुंबकसुई खोटे बोलू लागते, आणि खोटे बोलणारी सुई बंद पडलेल्या सुईपेक्षा अधिक घातक असते.

आता साखळी दिसू लागते. तिची प्रत्येक कडी मोकळी वाकली पाहिजे. एखादी आखडली असेल, एखाद्या खिळीचे टोक झिजले असेल, तर त्या साखळीचे दिवस भरले. साखळीला आणि दोराला पातळ इंजिन तेल लावतात. जाड ग्रीस फासत नाहीत. ग्रीस धूळ आणि मीठ धरून ठेवते, आणि त्याहून वाईट म्हणजे, आतली तुटलेली तार झाकून टाकते. दुखणे झाकणारे औषध कोणत्या कामाचे?

दोर तपासण्याची रीत मोठी सोपी आणि चतुर आहे. तळहातावर मऊ कागदाच्या चार-पाच घड्या घ्यायच्या, त्या तेलात भिजवायच्या आणि दोर त्यांतून हलक्या हाताने ओढायचा. दोराला तेल मिळते, आणि कोठे एखादी केसाएवढी तार तुटून वर आली असेल तर कागद तेथे अडकतो व फाटतो. जे डोळ्याला दिसत नाही ते कागद सांगतो. उघडा हात मात्र कधीही फिरवू नये. तुटलेली तार सुरीसारखी बोट कापते. एक तार जरी तुटलेली आढळली, तरी सारा दोर बदलावयाचा. ‘अजून बाकीच्या तारा शाबूत आहेत’ हे समाधान येथे चालत नाही.

त्यानंतर माणसाला गुडघ्यांवर येऊन, विजेरी दातांत धरून, नौकेच्या पिछाडीच्या अंधाऱ्या कोनाड्यात शिरावे लागते. कप्प्या दोराच्या अगदी सरळ रेषेत आहेत काय? कप्पीखाली धातूचा चुरा पडला असेल, तर दोर एका कडेला घासतो आहे असे समजावे. तबकडीचे बोल्ट घट्ट आहेत काय? सुकाणू मर्यादेपलीकडे वळू नये म्हणून ठोकलेले अडसर जागच्या जागी आहेत काय? दोराचा ताण सायकलच्या साखळीसारखा बेताचा असावा. फार सैल राहिला तर तो कप्पीवरून निसटतो. फार आवळला तर कप्प्या आणि आस नाहक झिजतात.

यंत्राच्या दोन मुठींचेही असेच. त्यांच्या तारा आवरणाच्या आत असतात, म्हणून त्यांची झीज दिसत नाही. पण मूठ दिवसेंदिवस जड होऊ लागली, आवरणाला चिरा पडल्या, तर त्या तारा बदलण्याची वेळ आलेली असते. ती तार तुटते तेव्हा बहुधा नौका धक्क्याला लागत असते, आणि थांबण्याच्या वेळी थांबणे तिला जमत नाही.

एवढे करूनही जाणता खलाशी निर्धास्त होत नाही. दोर तुटलाच तर सुकाणूच्या आसावर थेट बसवावयाचा एक सुटा दांडा मोठ्या नौकांवर ठेवलेला असतो. पुष्कळ ठिकाणी तो अडगळीच्या तळाशी पडून असतो. जुनी नौका हाती घेतलेल्या माणसाने तो बंदरातच काढून, बसवून, त्यावर नौका एकवार हाकून पाहावी, असे अनुभवी लोक सांगतात. तो बसतो काय, बसवताना कोणती वस्तू आड येते, त्याला ओढण्यास दोन माणसांचे बळ लागते काय, या प्रश्नांची उत्तरे अंधाऱ्या रात्री वादळात शोधण्याजोगी नसतात.

मुंबईशी जवळचे नाते असलेली ‘सुहेली’ ही नौका या बाबतीत आठवण्यासारखी आहे. कुलाब्याच्या कारखान्यात, सागवानी लाकडातून, भारतीय सुतारांनी ती घडवली आणि १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. तिची लांबी अवघी ३२ फूट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटाच निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, त्याच बंदरात परतला. असा प्रवास करणारा तो पहिला मनुष्य ठरला. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने. वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारे त्याचे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपासच निकामी झाले होते. पुढला अर्ध्याहून अधिक प्रवास त्याने शिडांचा तोल साधून आणि स्वतःच्या हातांनी सुकाणू धरून केला. आपल्या नौकेचा सांधा न् सांधा त्याला ठाऊक होता, म्हणून यंत्र गेले तरी उपाय उरला. पुढे वयाची पन्नाशी उलटलेल्या त्या नौकेची त्याने कसून डागडुजी केली आणि तिला पुन्हा पाण्यात उतरविले.

अलीकडच्या काळातील ‘तारिणी’ची कथा तर आपल्या अगदी शेजारची आहे. भारतीय नौदलाची ही शिडाची नौका गोव्यात बांधली गेली व १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, बी. ऐश्वर्या, एस. विजयादेवी आणि पायल गुप्ता अशा सहा महिला अधिकारी तिच्यातून जगप्रदक्षिणेस निघाल्या. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबावयाचे, अशी मूळ आखणी होती. दक्षिण महासागराच्या पर्वतप्राय लाटा त्यांनी ओलांडल्या, केप हॉर्नचे बदनाम टोक पार केले. घर जवळ आले असे वाटत असतानाच हिंदी महासागरात नौकेचे सुकाणूयंत्र मोडले. सहा जणी आणि भोवती अफाट पाणी. डोलकाठी उभी होती, शिडे धड होती; पण सुकाणूवाचून त्यांचा काय उपयोग?

त्यांनी धीर सोडला नाही व धाडसाचा खोटा आवही आणला नाही. आखणीत नसलेले पाचवे बंदर त्यांनी गाठले. १८ एप्रिलच्या सुमारास नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई येथे लागली, यंत्राची दुरुस्ती झाली आणि मगच पुढला प्रवास सुरू झाला. २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यात परतल्या. २५४ दिवसांत त्यांनी २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर अंतर तोडले होते. घर दिसू लागले असता वाटेत थांबणे हे कठीण असते. ‘आता थोडेच उरले आहे, कसेही निभावून नेऊ’ असे मन म्हणत असते. ते मनाचे म्हणणे न ऐकता दुरुस्तीसाठी थांबणे, हेही कर्णधाराच्या शौर्याचेच अंग आहे.

जव्हारहून मोखाड्याकडे घाटाच्या वळणावळणाने एस.टी.ची गाडी धावते, तेव्हा प्रवासी निर्धास्त डुलक्या घेत असतात. चालकाच्या हातातील चक्र फिरले की पुढली चाके फिरतील, हे ते गृहीत धरतात. गाडी आगारात असताना कोणीतरी तिच्याखाली शिरून सांधे पाहिलेले असतात, म्हणून ती डुलकी सुखाची होते. ज्यांच्या हाती दुसऱ्यांचे जीव असतात, त्यांच्या पाठीशी असे न दिसणारे हात उभे असावे लागतात.

‘तारिणी’ त्या पहिल्या प्रवासानंतर निवृत्त झाली नाही. वर्षानुवर्षे तिची देखभाल होत राहिली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी महिला त्याच नौकेतून, या वेळी दोघीच, पुन्हा जगप्रदक्षिणेस निघाल्या, आणि सुमारे आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ रोजी, गोव्यास सुखरूप परतल्या. नौका सात वर्षांनी जुनी झाली होती, आणि तिच्यावर हात पहिल्यापेक्षा कमी होते. तरी तिने तोच महासागर पुन्हा पार केला. कारण वस्तू जुनी होण्याने निकामी होत नाही. तिच्याकडे पाहणारे कोणी उरले नाही, म्हणजे ती निकामी होते. अशी नौका बंदर सोडते तेव्हा काठावरचे लोक फुगलेल्या शिडांकडे पाहत असतात. चक्रावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्या चक्राखालची साखळीही ठाऊक असते.